हान, जॉंग आणि ओट्याशी उभी असलेली सून

वसंत लागला की कोरियातल्या ख्रिस्ती पाळकाच्या वहीत घरांची यादी चढते. मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, एकेका कुटुंबाकडे जायचं, त्यांच्या घरात बसून उपासना करायची, घराला आशीर्वाद द्यायचा. या घरभेटीला ‘शिम्बांग’ म्हणतात. शब्दाचा अर्थच ‘शोधत जाऊन भेटणं’. वर्षातून एकदा-दोनदा, बहुधा वसंतात आणि शरदात, सगळ्या मंडळीची फेरी होते ती ‘तेशिम्बांग’, म्हणजे मोठी घरभेट. पाळक एकटा जात नाही. सोबत स्त्री-प्रचारिका असते, एखादी ‘क्वॉन्सा’ असते (मंडळीतल्या वडीलधाऱ्या बाईला दिलं जाणारं मानाचं पद) आणि त्या भागाची गटप्रमुख असते. दारात बूट काढायचे. बसलं की कुणाशी बोलण्याआधी मान खाली घालून मनातल्या मनात छोटी प्रार्थना करायची. मग एक गीत, सोबतच्या बाईची प्रार्थना, शास्त्रवाचन, पाच-दहा मिनिटांचं बोलणं, शेवटी आशीर्वाद. अर्ध्या-पाऊण तासात सगळं आटोपतं आणि ट्रे येतो: सोललेलं पेअर, स्ट्रॉबेरी, तांदळाचा ‘त्तॉक’, चहा.

या सगळ्या वेळात सासूबाई पाळकाच्या शेजारी बसलेल्या असतात. मुलगा त्यांच्या बाजूला. सून ओट्याशी पेअर सोलत असते. गीत तिला ऐकू येतं, शास्त्रवाचनाचे तुकडे ऐकू येतात, पण तिच्यासाठी प्रार्थना होते तेव्हा ती सालं गोळा करत असते. घरात सगळ्यात जास्त दाबून ठेवलेलं जिच्याकडे आहे, तिचीच भेट होत नाही.

आता सोलमधल्या फ्लॅटमध्ये सासूसुना एकत्र क्वचितच राहतात आणि तरुण जोडप्यांची घरभेट कॅफेत कॉफीवर उरकली जाते, हे खरं. तरी सोल्लालला (चांद्र नववर्षाला) आणि छुसॉकला, म्हणजे शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला, तोच ओटा आणि तीच सून पुन्हा दिसते. कोरियन पाळकीय सेवा समजून घ्यायची तर चार-पाच कोरियन शब्द लागतात, आणि ते सगळे त्या ओट्यापाशी भेटतात.

जाता जाता एक गंमत. कोरियनमध्ये पाळकाला ‘मोक्सा’ म्हणतात. मोक्षाशी त्याचा काही संबंध नाही. ‘मोक्’ म्हणजे गुरं-मेंढरं चारणं, ‘सा’ म्हणजे गुरू. मराठी ख्रिस्ती माणूस ‘पाळक’ म्हणतो, त्याच्या मुळाशीही तेच. 2015च्या जनगणनेत दक्षिण कोरियात 19.7 टक्के लोकांनी स्वतःला प्रोटेस्टंट म्हणवलं आणि 7.9 टक्के लोकांनी कॅथलिक. निम्म्याहून अधिक लोकांनी कुठलाच धर्म नाही असं सांगितलं. पण धर्म कुठलाही असो वा नसो, पुढचे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत.

हान

आधी एक घोळ निस्तरू. कोरियनमध्ये ‘हान’ असा उच्चार असलेले शब्द बरेच आहेत. देशाच्या नावातला ‘हान’ वेगळा. ‘हानसुम’ म्हणजे सुस्कारा, त्यातला ‘हान’ म्हणजे ‘मोठा’. मोठा श्वास तो सुस्कारा. आपल्या विषयातला हान चिनी अक्षराने लिहितात आणि त्या अक्षरात डावीकडे ‘हृदय’ असतं. हे तिन्ही एकत्र मळून ‘कोरियाच्या नावातच दुःख आहे’ असं सांगणारे लेख सर्रास सापडतात. ते बाजूला ठेवावेत.

मराठीत हानच्या जवळ जाणारा शब्द ‘सल’. पण सल एखाद्या टोचलेल्या गोष्टीचा असतो. हान व्हायला चार गोष्टी जमून याव्या लागतात. अन्याय झालेला असतो. त्याला उत्तर देण्याची ताकद किंवा मुभा नसते. तो बराच काळ गिळलेला असतो. आणि गिळता गिळता त्याचा गोळा झालेला असतो, इतका की आता तो माणसाच्या स्वभावाचाच भाग वाटतो. यातली एक जरी गोष्ट नसली तरी ते नुसतं दुःख किंवा नुसता राग. म्हातारपणी आजारी पडून वारलेल्या आईचं दुःख म्हणजे हान नव्हे. आईला शेवटचं भेटू दिलं नाही, विचारायलाही कुणी उरलं नाही, आणि याला तीस वर्षं झाली, की तिथे हान.

हानला दोन तोंडं असतात. एक ‘वॉनहान’, सूड मागणारा. दुसरा ‘जॉंगहान’, ज्यात माया आणि हार एकत्र मुरलेली असतात आणि ज्याने दुखावलं त्याच्यावरचा जीव सुटत नाही. घरभेटीत बहुतेक वेळा दुसराच समोर येतो आणि तो ओळखायला अवघड असतो, कारण बाई नवऱ्याविषयी तक्रार करत नाही. ती त्याच्या औषधांची काळजी करते.

जपानी राजवट (1910 ते 1945), फाळणी, 1950 ते 1953चं युद्ध यांनी जवळपास प्रत्येक कुटुंबात हानचं काहीतरी कारण ठेवलं. 1983 मध्ये केबीएस या सरकारी वाहिनीने ताटातूट झालेल्या नातेवाइकांना शोधण्याचा कार्यक्रम सुरू केला. तो 138 दिवसांत मिळून 453 तास 45 मिनिटं चालला. लोक गळ्यात पाट्या अडकवून उभे राहत: नाव, गाव, कुठल्या रस्त्यावर हात सुटला. दहा हजारांवर भेटी त्यातून घडल्या. कोरियन मंडळीतल्या कुठल्याही आजी-आजोबांच्या पिढीशी बोलताना हे मागे असतंच.

पण म्हणून ‘हान हा कोरियन माणसाचा राष्ट्रीय स्वभाव’ हे वाक्य सावधपणे घ्यावं. कोरियाच्या कलेत दुःखाचंच सौंदर्य आहे, हा विचार 1920च्या दशकात जोरकसपणे मांडला तो यानागी मुनेयोशी या जपानी कलासमीक्षकाने, तेही कोरिया जपानच्या ताब्यात असताना. त्याला कोरियाविषयी मनापासून आस्था होती. तरीही, जिंकलेल्या लोकांना ‘तुम्ही मुळातच दुःखी’ असं जिंकणाऱ्यांकडच्या माणसाने सांगणं खटकणारंच. पाळकाला यातून घ्यायचा धडा साधा आहे: समोरच्या माणसाचा हान त्याच्या जन्मगावावरून गृहीत धरू नये. कुणी काय केलं, ते विचारावं.

औषध कुणाचं, दिलं कुणाला

1970 मध्ये सोलच्या प्योंगह्वा बाजारात, म्हणजे कपड्यांच्या कारखान्यांच्या भागात, जॉन ते-इल या बावीस वर्षांच्या कामगाराने स्वतःला पेटवून घेतलं. कामगार कायदा पाळा, एवढीच मागणी होती. त्या मृत्यूने अनेक कोरियन धर्मशास्त्रज्ञांना हलवलं आणि पुढे ‘मिन्जुंग’, म्हणजे दडपलेल्या जनतेचं धर्मशास्त्र उभं राहिलं. त्यातले सॉ नाम-दोंग म्हणाले की पाळकाने ‘हानचा पुरोहित’ व्हावं. ज्यांचा आवाज कुणी ऐकत नाही त्यांचं रडणं ऐकावं, ते पुढे पोचवावं. नंतर अमेरिकेत शिकवणाऱ्या अँड्र्यू सुंग पार्क यांनी हीच गोष्ट एका स्वच्छ फरकात मांडली: पाप हे करणाऱ्याचं असतं, हान हा सोसणाऱ्याचा असतो. चर्चने शतकानुशतकं पहिल्याचा विचार केला. पश्चात्ताप कर, कबूल कर, क्षमा मिळेल. दुसऱ्याला काय द्यायचं याची तयारी तेवढी केली नाही.

प्रत्यक्षात जे बिघडतं ते बहुतेक इथेच. पाप करणाऱ्याचं औषध सोसणाऱ्याला दिलं जातं. नवऱ्याचा मार खाणारी बाई येते आणि तिला विचारलं जातं, ‘तुमच्या मनात कडवटपणा आहे का? त्याबद्दल आधी देवाची क्षमा मागू या.’ बाई मागते. घरी जाते. आता तिच्या पोटात मारही आहे आणि अपराधीपणाही.

याला कोरियन मंडळीच्या इतिहासातलं एक कारण आहे. जानेवारी 1907 मध्ये प्योंगयांगच्या जांगदेह्यॉन चर्चमध्ये मोठी जागृती झाली. लोक उठून उभे राहून आपापली पापं सगळ्यांसमोर कबूल करू लागले. पुढे फार मोठं नाव झालेले किल सॉन-जु यांनीही कबूल केलं की मरणाऱ्या मित्राने बायकोसाठी सोपवलेल्या पैशातले काही आपण ठेवून घेतले होते. ही कबुली खरी होती आणि गरजेचीही होती. पण कोरियन प्रोटेस्टंट माणसाच्या मनात ‘देवासमोर मन मोकळं करणं’ याचा साचा त्या आठवड्यात ठरला, आणि तो साचा कर्जदाराचा होता. ज्याचं येणं बाकी आहे त्यानेही त्याच रांगेत उभं राहून देणं कबूल करायचं, अशी सवय पडली.

आग

दाबलेला राग कोरियात शरीरातून बोलतो आणि त्याला नाव आहे: ‘ह्वाब्योंग’. ‘ह्वा’ म्हणजे आग आणि रागही, ‘ब्योंग’ म्हणजे आजार. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1994च्या निदानपुस्तिकेच्या परिशिष्टात त्याची नोंद केली. 2013च्या आवृत्तीतल्या नऊ संकल्पनांच्या यादीतून ते नाव गेलं, पण कोरियातल्या दवाखान्यांतून गेलेलं नाही.

लक्षणं ठरावीक आहेत. छातीतून डोक्याकडे चढणारी ऊब, लाल होणारा चेहरा, छातीत किंवा घशात अडकलेला गोळा, धडधड, कोरडं तोंड, तुटक झोप, न कळत पडणारे सुस्कारे. बंद खोलीत जीव घुसमटतो, हिवाळ्यातही खिडकी उघडावीशी वाटते. बाई बोलता बोलता मुठीने आपल्याच छातीवर मारते. पारंपरिक कोरियन वैद्य छातीच्या हाडावर, दोन्ही स्तनांच्या बरोबर मधल्या बिंदूवर बोट दाबून बघतात. ह्वाब्योंगमध्ये तिथे दाबलं की चांगलंच दुखतं. सर्वाधिक दिसतो तो मध्यमवयीन आणि त्यापुढच्या बायकांत. कारणंही ओळखीची: नवऱ्याची दारू, बाहेरख्यालीपणा, पैशाची फसवणूक, आणि ‘शिजिप्सारी’. या शेवटच्या शब्दाला मराठीत तयार प्रतिशब्द आहे, सासुरवास. नव्या सुनेने तीन वर्षं आंधळं, तीन वर्षं बहिरं, तीन वर्षं मुकं राहावं, अशी कोरियन म्हणच आहे.

पाळकाने कान देऊन ऐकावा असा शब्द आहे ‘ऑगुल’. ‘माझ्यावर हकनाक अन्याय झाला आणि मी तो सिद्धही करू शकत नाही’ हे सगळं त्या एका शब्दात येतं. ‘मी दुःखी आहे’ म्हणणारी बाई आणि ‘मला ऑगुल वाटतंय’ म्हणणारी बाई यांना वेगळं ऐकायला हवं. पहिलीला सांत्वन चालेल. दुसरीला साक्षीदार हवा असतो.

इथे क्रम महत्त्वाचा. छातीत दुखतं म्हणाली की आधी डॉक्टर. ‘हा तर ह्वाब्योंग’ असं ओळखून मोकळं झालेल्या माणसाकडून हृदयविकार निसटू शकतो. मग सुरक्षितता: घरात मारहाण आहे का, जगणं नकोसं झालंय का, हे थेट आणि एकटीला विचारावं. दक्षिण कोरियात आत्महत्यांचं प्रमाण ओईसीडी या विकसित देशांच्या गटात गेली अनेक वर्षं सर्वाधिक आहे, तेव्हा हा प्रश्न ‘अपशकुनी’ म्हणून टाळण्यात अर्थ नाही. 2024 पासून आत्महत्या-प्रतिबंधाचा एकच क्रमांक आहे, 109. स्त्रियांवरच्या हिंसेसाठी 1366. हे दोन आकडे शिम्बांगच्या वहीच्या पहिल्या पानावर असावेत. त्यानंतर ऐकणं. त्याहीनंतर प्रार्थना.

आणि जे करू नये ते असं. ‘सहन करा आणि प्रार्थना करा’ हे वाक्य सगळ्यात आधी बाद. ‘सहन’ या अर्थाचं चिनी अक्षर तीनदा आठवलं तर खूनही टळतो, अशी कोरियन म्हण आहे. त्या संस्कारावर वधस्तंभ वाहण्याचं वचन चढवलं की बाईला बाहेर पडायची वाटच उरत नाही. दुसरं, आजारी माणसाला डोंगरावरच्या प्रार्थनागृहात, ‘गिदोवॉन’मध्ये, उपासाला पाठवणं. गिदोवॉन वाईट नाहीत. गर्दीच्या शहरात जिला एकटीला रडायला खोली नाही, तिला तिथे ती मिळते. पण झोप उडालेल्या, खाणं सुटलेल्या बाईने दहा दिवस पाण्यावर राहणं धोक्याचं आहे. तिसरं, ‘भूत काढण्या’च्या नावाखाली अंगावर चापट्या मारणं, दाबणं. यात माणसं दगावल्याच्या घटना कोरियात घडल्या आहेत. डोक्यावर हळुवार हात ठेवून प्रार्थना करणं वेगळं, हे वेगळं.

न बोललेलं ऐकणं

‘कसं चाललंय?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘क्वेन्छानायो’. ठीक आहे, बरं आहे, चालतंय. या उत्तरावर विसंबणाऱ्या पाळकाला लोक मागे ‘नुन्ची नाही’ म्हणतात. ‘नुन्ची’ म्हणजे समोरच्याच्या मनातलं, खोलीतल्या हवेतलं न सांगता ओळखणं. नुन्ची चांगली की वाईट असं कोरियन म्हणत नाहीत, ‘वेगवान’ की ‘मंद’ असं म्हणतात. शास्त्रातलं मंद नुन्चीचं उदाहरण म्हणजे याजक एली. हन्ना मंदिरात रडत प्रार्थना करत होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता. एलीला वाटलं, बाई प्यायली आहे. पण आपली चूक कळल्यावर त्याने लगेच सूर बदलला, हेही त्याच गोष्टीत आहे.

नुन्ची लागते कारण समोर ‘छेम्यॉन’ असतं: चारचौघांतली आब, इभ्रत. मंडळीतल्या एखाद्या ज्येष्ठाचा मुलगा नोकरीवरून काढला गेला असेल किंवा मुलीचा घटस्फोट झाला असेल, तर ते पाळकाला सगळ्यात शेवटी कळतं. थेट प्रश्न विचारणं म्हणजे इभ्रतीला हात घालणं. म्हणून आडून विचारतात. ‘अशा वेळी आईला झोप लागत नाही म्हणतात’ असं तिसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखं म्हणायचं आणि थांबायचं. थांबणं खरंच थांबणं हवं. दहा-पंधरा सेकंदांची शांतता भरून काढायला वचन सांगू नये. संबोधन नेहमी पदाने आणि आदराने: ‘किम क्वॉन्सा-निम’, ‘पाक जिप्सा-निम’ (‘जिप्सा’ हे मंडळीतल्या सेवकाचं पद, ‘निम’ आदरार्थी). वयाने लहान पाळकाने मोठ्या बाईला नावाने हाक मारली तर पुढचं सगळं बोलणं तिथेच मिटतं.

छेम्यॉन सर्वात जास्त मोडतं ते मंडळीतच, तेही प्रार्थनेच्या नावाखाली. आठवड्याच्या गट-उपासनेत कुणीतरी म्हणतं, ‘अमक्या जिप्सांच्या घरासाठी प्रार्थना करू या, फार कठीण प्रसंग आहे.’ शनिवारपर्यंत सगळ्यांना प्रसंग कळलेला असतो आणि रविवारी ते कुटुंब दुसऱ्या चर्चमध्ये. उपाय रुक्ष पण खात्रीचा: प्रार्थनेची विनंती ज्याची त्यानेच मांडायची. दुसऱ्याच्या वतीने मांडायची असेल तर आधी त्याची परवानगी, आणि नेमकी कोणती वाक्यं बोलायची तेही त्याच्याकडूनच घ्यायचं.

जॉंग, किंवा ‘आमचे हे’

कोरियन बायको नवऱ्याला ‘माझा नवरा’ म्हणत नाही, ‘आमचा नवरा’ म्हणते. इंग्रजी वाचकाला हे समजावताना तळटीप द्यावी लागते. ‘आमचे हे’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला काही सांगायची गरज नाही. या ‘आमचे’च्या मागे ‘जॉंग’ असतो. लळा, माया, सहवासाने लागलेला जीव. प्रेम ‘केलं’ जातं, जॉंग ‘आत शिरतो’, आणि तुटतो तेव्हा ‘गळून पडतो’. भांडत भांडत चाळीस वर्षं काढलेल्या जोडप्यातही तो असतो. त्याला ‘मियुन जॉंग’, म्हणजे रागाची माया, असं वेगळं नाव आहे. ओरिऑन कंपनी चोको पायच्या खोक्यावर हेच अक्षर छापते, इतका तो रोजचा शब्द आहे.

पाळकीय सेवेत जॉंग हेच साधनही आहे आणि अडथळाही. साधन असं, की कोरियन माणूस समुपदेशकाच्या प्रमाणपत्राकडे बघून मन उघडत नाही. दोनदा एकत्र जेवल्यावर उघडतो. म्हणून शिम्बांगमधला फळांचा ट्रे टाळू नये, ‘घाईत आहे’ म्हणू नये. अर्धं पेअर तरी खावं. खरं बोलणं बरेचदा उपासनेत होतच नाही; ट्रे संपताना, दारात बूट घालताना, लिफ्टची वाट बघताना होतं. एका दुपारी चार-पाच घरं उरकायची ठरवलेल्या पाळकाला ते कधीच ऐकू येत नाही.

अडथळा असा, की ‘जॉंगपायी’ बाई मारकुट्या नवऱ्याकडे परत जाते, ‘जॉंगपायी’ मंडळी पाळकाची चूक झाकते, आणि ‘जॉंगपायी’ पाळक स्वतः रात्री अकराचा फोन घेतो, तीन वर्षं घेतच राहतो, मग एक दिवस अचानक तुटतो. जॉंगला आपणहून सीमा नसते, ती घालावी लागते. उघड्या तोंडाने ‘माझी वेळ संपली’ म्हटलं तर जॉंग गळतो. ‘गुरुवारी तीन वाजता परत येतो’ म्हटलं तर सीमा पडते आणि जॉंगही राहतो.

सोडवणं

कोरियन भाषेत हान ‘बरा’ होत नाही, तो ‘सुटतो’. ‘फुल्दा’ हे क्रियापद दोरीची गाठ सोडवायला वापरतात, गणित सोडवायला वापरतात, आणि नाक शिंकरायलाही. पहिल्या दोन ठिकाणी मराठीतही ‘सोडवणं’च येतं.

ही कल्पना चर्चपेक्षा फार जुनी. कोरियाच्या नैऋत्य टोकाला जिन्दो बेटावर मृतांसाठी ‘श्शित्किमगुत’ होतो (‘गुत’ म्हणजे देवा-आत्म्यांसाठीचा पारंपरिक विधी). मृताचे कपडे चटईत गुंडाळून उभे करतात, वर भांडं आणि झाकण ठेवतात, आणि दवण्याच्या जातीच्या ‘स्सुक’ वनस्पतीचं पाणी, धुपाचं पाणी आणि साधं पाणी यांनी ते धुतात. दुसऱ्या एका भागात लांब पांढऱ्या कापडाला ओळीने गाठी मारलेल्या असतात. ‘मुदांग’, म्हणजे हा विधी करणारी बाई, गात गात एकेक गाठ झटक्याने सोडवते. कापड सरळ झालं की मृताचा हान सुटला. आज ‘नॉक्तुरी’ म्हणजे रडगाणं, कुरकुर. मुळात तो शब्द गुतमध्ये मृताच्या आत्म्याच्या वतीने बोललेल्या गाऱ्हाण्याचा होता. गाऱ्हाणं मांडायला एक जागा होती, ते ऐकायला सगळं गाव होतं.

प्रोटेस्टंट चर्चने गुत नाकारला आणि ती जागा रिकामी झाली. पूर्ण नाही. एकाच वेळी सगळ्यांनी मोठ्याने आपापली प्रार्थना करण्याची ‘थोंगसॉंग गिदो’ ही पद्धत 1907च्या जागृतीत रुजली. आजही तीनदा ‘जुयो!’ (प्रभू!) अशी आरोळी देऊन ती सुरू होते. शेकडो आवाजांच्या त्या कल्लोळात शेजारणीला काय म्हणायचंय ते ऐकू येत नाही, आणि तोच तिचा गुण आहे. छेम्यॉन न गमावता ओरडता येतं. केडगावच्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्येही 1905च्या जागृतीत मुली अशाच एकत्र, मोठ्याने रडत प्रार्थना करत. 1906 मध्ये कोरियात आलेल्या एका अमेरिकन पाहुण्याने वेल्स आणि भारतातल्या जागृतीच्या बातम्या तिथल्या मिशनऱ्यांना सांगितल्या होत्या, तेव्हा दोन्ही गोष्टी अगदीच सुट्या नाहीत.

पहाटेची प्रार्थना, ‘सेब्योक गिदो’, याच्या उलट शांत सुरू होते. पाच-साडेपाचला छोटं प्रवचन, मग दिवे मंद करतात आणि ज्याला जेवढं बसायचं तेवढं बसावं. तिच्यामागेही जुनी सवय दिसते: मडक्यांच्या चौथऱ्यावर विहिरीचं पहिलं पाणी वाटीत ठेवून मुलांसाठी हात जोडणारी आई. पण ओरडून हलकं वाटणं आणि हान सुटणं यात अंतर आहे. दर शुक्रवारी रात्रभर ओरडणारी आणि शनिवारी त्याच घरात तेच सोसणारी बाई फक्त वाफ सोडते, चूल तशीच पेटलेली. घरातली गोष्ट बदलण्यासाठी कुणीतरी नवऱ्याशी बोलायला हवं, कधी वकिलाशी.

विधीबाबत कुठवर जायचं यावर कोरियन चर्चमध्ये एकमत नाही. 1991 मध्ये कॅनबेराला जागतिक चर्च परिषदेच्या महासभेत चुंग ह्यून-ग्युंग या कोरियन धर्मशास्त्रज्ञ बाईंनी हानने भरलेल्या आत्म्यांना एकेक नाव घेऊन बोलावलं आणि नावांचा कागद जाळला. यादीत इजिप्तची दासी हागारही होती. ऑर्थोडॉक्स प्रतिनिधी आणि इव्हँजेलिकल मंडळी दोघांनीही कडाडून आक्षेप घेतला. आजही बहुतेक मंडळ्या तिथवर जात नाहीत आणि जायची गरजही नाही. शास्त्रात गाऱ्हाण्याची सामग्री पुरेशी आहे. ‘परमेश्वरा, कोठवर?’ असं विचारणारं तेरावं स्तोत्र आहे. अंधारातच संपणारं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आहे. मारल्या गेलेल्या मुलांच्या प्रेतांपाशी गोणपाट पसरून पाखरं हाकणारी रिस्पा आहे. अडचण ही की घरभेटीत वाचतात ते तेविसावं स्तोत्र.

मृतांच्या बाबतीत मात्र चर्चने पर्यायी विधी उभा केला. कॅथलिकांना पूर्वजांच्या ‘जेसा’ विधीला नकार दिल्याबद्दल 1791 मध्ये प्राण द्यावे लागले. जेसावरची आपली बंदी रोमने 1939 मध्ये उठवली. प्रोटेस्टंटांनी ‘छुदो येबे’, म्हणजे स्मरण-उपासना, स्वीकारली. पुण्यतिथीला मृताचा फोटो आणि फुलं मांडतात, गीत, वाचन, प्रार्थना होते, आणि प्रत्येकाने एकेक आठवण सांगायची असते. फोटोसमोर नैवेद्य नाही, साष्टांग नमन नाही. जेवण नंतर, जिवंत माणसांचं. यात चुकतं ते एका ठिकाणी: घाईचा पाळक आठवणींचा भाग गाळतो आणि स्वतः प्रवचन करतो. खरं तर त्याच भागात थोरल्या जाऊबाई पहिल्यांदा म्हणतात, ‘सासूबाईंनी मला फार छळलं, आणि तरी आज त्यांच्या हातच्या किमचीची आठवण येते.’ दोन्ही वाक्यं एका दमात. पाळकाने त्यातलं पहिलं पुसू नये आणि दुसऱ्यावरून लगेच क्षमेचा उपदेश काढू नये. क्षमा करायची की नाही, कधी, आणि त्याआधी कुणी माफी मागायला हवी, हे त्या बाईंचं त्या ठरवतात.

आता परत त्या ओट्याशी. जाणत्या मंडळीत घरभेटीची वाटणी आधीच ठरलेली असते. पाळक आणि गटप्रमुख बैठकीत सासूबाईंजवळ बसतात. क्वॉन्सा ‘मी जरा हात लावते’ म्हणून आत जाते. ती दुसरी सुरी मागते आणि पेअर सोलायला घेते. प्रश्न विचारत नाही. तिसऱ्या फोडीला सून म्हणते, ‘क्वेन्छानायो, तुम्ही बसा बाहेर.’ क्वॉन्सा बसत नाही. निघताना ती फक्त एवढं विचारते की मंगळवारी सकाळी घरी कोण कोण असतं, आणि सून म्हणते, मंगळवारी मी एकटीच असते.